बाईंचं पुस्तक आणि बास्करव्हिल : कामाच्या नोंदी

३ जून

पुस्तकाची पानं मांडून ते छापून घेण्याचं काम सुरू झालं एकदाचं. शाळेत आम्हाला इंग्रजी शिकवणाऱ्या बाई, नौपाड्यात राहतात, आता ७९ वर्षांच्या आहेत, त्यांनी त्यांच्या वडिलांच्या आठवणी लिहून काढल्यात. वडिलांना सगळे आप्पा म्हणायचे. गिरगावातल्या एका छापखान्यात ते जुळारी होते, म्हणजे शिशाचे खिळे एकेक उचलून ओळी लावायचे, मराठी पण आणि इंग्रजी पण, आणि त्यासाठी रोज ठाण्याहून लोकलने जायचे. पुस्तक दोन भाषांत आहे, डावीकडे मराठी उजवीकडे इंग्रजी, कारण बाईंची नातवंडं बाहेर वाढलीत, मराठी बोलतात छान पण सलग वाचायला जड जातं त्यांना. दोन्ही बाजू बाईंनीच लिहिल्यात, आणि हे शब्दाला शब्द भाषांतर नाहीये, दोन्हीकडे तीच गोष्ट थोडी वेगळी सांगितलीये, ते मला फार आवडलं.

३०० प्रती, आकार डेमी १/८, अंदाजे १६-१६ पानांचे ११ फर्मे म्हणजे १७६ पानं. गणपतीच्या आधी हातात हवं. छपाई वागळे इस्टेटमध्ये. नोंदी ठेवतेय कारण मागच्या पुस्तकाच्या वेळी कुठली गोष्ट का ठरवली होती ते सहा महिन्यांनी मलाच आठवेना.

५ जून

मराठी मजकूर जुन्या नॉन-युनिकोड फॉन्टमध्ये टाइप केलेला आहे. कन्व्हर्टरमधून काढला, नव्वद टक्के नीट आला. जे बिघडलं ते नेहमीचंच, ‘ॲ’ फुटून अ वर चंद्र वेगळा पडतो, आणि ‘दुसऱ्या’, ‘वाऱ्याने’ यातला अर्धा र कुठे रफार होऊन पुढच्या अक्षरावर चढतो तर कुठे गायबच होतो. एकेक शोधून दुरुस्त केलं. इनडिझाइन या पानं मांडायच्या सॉफ्टवेअरमध्ये ओतल्यावर जोडाक्षरं परत सुटली, तेव्हा लक्षात आलं की परिच्छेदाचा कंपोझर, म्हणजे ओळी जुळवणारी सेटिंग, ‘वर्ल्ड-रेडी’ केलीच नव्हती मी. केली, सगळं जागेवर.

९ जून

इंग्रजी मजकूर बाईंनी टाइम्स न्यू रोमनमध्ये दिलाय, कॉम्प्युटरने दिला तो त्यांनी घेतला. मी त्यांना म्हटलं हा फॉन्ट वाईट अजिबात नाही, पण तो १९३२ मध्ये लंडनच्या टाइम्स वर्तमानपत्रासाठी बनला, अरुंद कॉलममध्ये जास्तीत जास्त शब्द मावले पाहिजेत अशी त्याची अंगकाठी आहे, आणि आपल्याला जागा वाचवायची नाहीये, आपल्याला दुपारी खिडकीशी बसून वाचता येईल असं पान हवंय. मग कुठला, असं त्यांनी विचारलं. माझ्याकडे उत्तर नव्हतं.

त्यावर बाई आत गेल्या आणि आप्पांची वही घेऊन आल्या. जाड पुठ्ठ्याची, पाठीला कापड चिकटवलेली. छापखान्यात जो जो टाइप, म्हणजे एका वळणाच्या खिळ्यांचा संच, यायचा त्याचे दोन-चार ओळींचे तुकडे आप्पांनी तिच्यात खळीने चिकटवलेत आणि खाली पेन्सिलीने शेरा. बऱ्याच ठिकाणी ‘झिजला’ किंवा ‘जाहिरातीस बरा’ एवढंच. एका तुकड्याखाली लिहिलंय, ‘बास्करव्हिल. जी मोकळा. कागद चांगला असेल तरच घेणे.’

ठरलं तिथेच, इंग्रजी बाजूला बास्करव्हिल. बाई म्हणाल्या, “अगं, मग त्यांनीच सांगितलंय की.” मी पण तेच म्हणणार होते.

१२ जून

दोन दिवस नुसती अक्षरं बघण्यात गेले. प्रेसमध्ये कुणाला सांगितलं तर वेळ घालवला म्हणतील, पण ज्याच्याबरोबर तीन महिने काढायचे त्याचा स्वभाव आधी कळायला हवा ना.

‘जी मोकळा’ म्हणजे काय ते पहिल्यांदा बघितलं. छोट्या जी चं खालचं पोट बास्करव्हिलमध्ये पूर्ण बंद होत नाही, रेघ फिरून येते आणि मिळायच्या आत थांबते. एवढीशी फट. पण ओळभर जी आले की त्या फटींमधून पानाला हवा लागते असं वाटतं. मोठ्या क्यू ची शेपटी लांब, वळणदार, शेजारच्या अक्षराखाली आरामात जाते. मोठ्या ई चा खालचा हात वरच्या दोन हातांपेक्षा बराच पुढे आलेला. मोठा जे बैठकीच्या रेघेच्या खाली उतरतो. मोठा सी वर आणि खाली दोन्हीकडे काट्याने संपतो. मोठी अक्षरं एकूणच रुंद, गोल, ऐसपैस बसलेली.

आणि मुख्य गोष्ट जाड-बारीकची. त्याच्या आधीचा इंग्रज टाइपवाला कॅस्लन, त्याच्या अक्षरात जाड रेघ आणि बारीक रेघ यांच्यात फार अंतर नसतं, सगळं जरा मऊ असतं, हाताळून हाताळून गुळगुळीत झालेल्या लाकडी पाटासारखं. बास्करव्हिलने जाड रेघ जाड ठेवली आणि बारीक रेघ आणखी बारीक केली, सेरिफ म्हणजे अक्षराचे जे पाय असतात ते टोकाला अणकुचीदार केले पण खांबाला मिळताना वळण ठेवलं. पुढे इटलीच्या बोडोनीने ते वळणही जवळजवळ काढून टाकलं आणि पाय म्हणजे नुसती आडवी रेघ झाली, ते दिसायला देखणं असतं पण मोठ्या मजकुरात डोळ्याला टोचतं. बास्करव्हिल मधल्या पायरीवर उभा आहे. म्हणूनच इंग्रजीत या जातीला ट्रान्झिशनल म्हणतात, पण या शब्दाने असं वाटतं की हा फक्त कुठेतरी जाताना वाटेतला थांबा आहे, आणि ते मला पटत नाही. त्याला जिथे पोचायचं होतं तिथे तो पोचलेला आहे.

१५ जून

माणसाबद्दल वाचलं, बाईंना पण फोनवर सांगितलं, तासभर बोलत होतो.

जॉन बास्करव्हिल बर्मिंगहॅमचा. मूळचा छापखान्यातला नव्हेच. आधी सुलेखन शिकवायचा आणि दगडावर अक्षरं कोरायचा, थडग्यांचे दगड कोरून मिळतील अशी त्याने स्वतः स्लेटच्या दगडात कोरलेली पाटी अजून बर्मिंगहॅमला जपून ठेवलीये, तिच्यात चार-पाच वळणांची अक्षरं आहेत. मग लाखेसारखा चकचकीत थर दिलेले ट्रे, डबे बनवण्याच्या धंद्यात त्याने बक्कळ पैसा केला आणि चाळिशी उलटल्यावर १७५० च्या सुमारास टाइपच्या मागे लागला. पहिलं पुस्तक, व्हर्जिलच्या कविता, निघालं १७५७ मध्ये. एवढी वर्षं लागली कारण त्याने नुसती अक्षरं नाही बनवली. प्रेस आपल्या देखरेखीखाली जास्त सपाट, जास्त काटेकोर करून घेतला, शाई स्वतः बनवली, बाकीच्यांपेक्षा गडद काळी. त्या काळच्या कागदात जाळीच्या रेघा उमटलेल्या असायच्या, त्याऐवजी व्हॉटमनचा बिनरेघांचा गुळगुळीत वोव्ह कागद त्या व्हर्जिलमध्ये वापरला गेला. आणि छापून झालेलं पान गरम तांब्याच्या पत्र्यांमध्ये दाबून चकचकीत करायचा.

म्हणजे अक्षर, शाई, कागद, दाब हे त्याच्या लेखी एकच काम होतं. आज आपण फॉन्ट डाउनलोड करतो तेव्हा चारातली एकच गोष्ट आपल्याकडे येते, बाकीच्या तीन मागे राहतात. आप्पांनी ‘कागद चांगला असेल तरच’ असं लिहिलं ते बहुतेक हाताने अनुभव घेऊनच.

अक्षरांचे पंच, म्हणजे ज्यांच्यावरून खिळ्यांचे साचे बनतात ते मूळ ठसे, प्रत्यक्ष पोलादात कोरणारा माणूस वेगळा होता, जॉन हँडी. नाव टाइपला मालकाचं लागलं. बाई लगेच म्हणाल्या, “जुळाऱ्याचं तर पुस्तकावर कुठेच येत नाही.” या पुस्तकात येणार आहे.

१८ जून

आता मराठी बाजू. हा निर्णय इंग्रजीपेक्षा अवघड वाटत होता, तसा तो झाला नाही.

टिरो देवनागरी मराठी घेतला. हा हार्वर्डच्या मूर्ती क्लासिकल लायब्ररीच्या पुस्तकांसाठी केलेल्या अक्षरांतून पुढे आलाय, आणि त्याचा चेहरा आपल्या निर्णयसागरच्या टाइपवरून घेतलेला आहे, फक्त थोडा मऊ केलेला. ल आणि श मराठी वळणाचे, हिंदी पद्धतीचे नाहीत, हे पहिल्यांदा तपासलं, कारण नेमकं तेच चुकलेलं असतं आणि वाचणाऱ्याला काय खटकतंय ते कळत नाही पण खटकत राहतं.

निर्णयसागर घेण्याचं कारण आठवणीचं पण आहे. जावजी दादाजींनी मुंबईत १८६९ ला छापखाना काढला आणि राणोजी रावजी आरूंनी कोरलेली त्यांची देवनागरी इतकी पसरली की आपल्या आजी-आजोबांच्या पिढीसाठी ‘छापील अक्षर’ म्हणजे तेच. तिथे पण बघा, मालक एक आणि कोरणारा एक. आरूंचं नाव किती जणांना माहीत असेल.

आप्पांच्या वहीत एका पानावर केसचा, म्हणजे खिळे ठेवायच्या कप्प्यांच्या खोक्याचा, नकाशा आहे. इंग्रजीच्या दोन केस, वरची मोठ्या अक्षरांची आणि खालची छोट्यांची, अपरकेस लोअरकेस हे शब्द त्यावरूनच आले. मराठीला तेवढ्यात भागत नाही, जोडाक्षरं, अर्धी अक्षरं, काना-मात्रेसकटची अक्षरं असे शेकडो खिळे, त्यामुळे जुळाऱ्याच्या समोर आणि दोन्ही बाजूला मिळून चार केस. बाई लहानपणी एकदा छापखान्यात गेल्या होत्या तेव्हा आप्पा खिळ्यांकडे न बघता हात टाकत होते आणि बरोबर अक्षर उचलत होते, ते पाहून त्यांना पेटीवाल्याची आठवण झाली होती, असं पुस्तकात आहे. फार सुंदर उतरलाय तो परिच्छेद.

२१ जून

दोन लिप्या समोरासमोर ठेवल्या. इथे जे दिसलं ते नीट लिहून ठेवते, पुढे लागेल.

रुंद टोकाच्या पेनने इंग्रजी ओ लिहिला की तो खाली डावीकडे आणि वर उजवीकडे जाड होतो. आपला बोरू उलट्या बाजूला तिरका कापलेला असतो, त्यामुळे देवनागरीत जाडी वर डावीकडे आणि खाली उजवीकडे येते. म्हणजे दोन लिप्यांचा कल एकमेकांच्या विरुद्ध. गॅरामाँडसारखा जुना सेरिफ, ज्याचा ओ स्पष्ट तिरका आहे, तो मी मराठीसमोर ठेवून बघितला तर पुस्तक उघडल्यावर डावं पान एकीकडे झुकलंय आणि उजवं दुसरीकडे असं काहीतरी अस्वस्थ दिसत होतं. बास्करव्हिलचा ओ जवळजवळ सरळ उभा आहे, जाडी बरोबर डाव्या-उजव्या कुशीला. तो कुणाशी भांडत नाही. मला आप्पांच्या वहीमुळे बास्करव्हिल मिळाला खरा पण वही नसती तरी या कारणासाठी मी इथेच यायला हवं होतं.

उंचीचा प्रश्न राहतो. देवनागरीत मोठी छोटी अक्षरं नसतात, शिरोरेषेपासून कान्याच्या तळापर्यंत एकच उंची. ती इंग्रजी छोट्या अक्षरांएवढी केली तर मराठी खुजं दिसतं, मोठ्या अक्षरांएवढी केली तर मराठी ओरडतं. मधली उंची पकडायची, छोट्याच्या जरा वर. मराठी ११.५, इंग्रजी ११, दोन्हीला ओळींमधलं अंतर १६ पॉइंट, म्हणजे दोन्ही पानांच्या ओळी एका रेषेत बसतात आणि वर मात्रा-रफार, खाली उकार यांना जागा राहते.

२४ जून

बास्करव्हिल म्हणून एकच फॉन्ट नाहीये, ही माहिती घरच्यांना सांगितली तर त्यांना आश्चर्य वाटलं. मोनोटाइप कंपनीने १९२३ मध्ये पुन्हा काढला, आप्पांच्या वहीतला बहुधा त्याच वंशातला. नंतर आयटीसी या फॉन्ट कंपनीचा न्यू बास्करव्हिल आला. आपल्या बजेटमध्ये फुकट परवान्याचे दोन. लिब्रे बास्करव्हिल, जो अमेरिकन टाइप फाउंडर्सच्या १९४१ च्या रूपावर बेतलाय आणि स्क्रीनवरच्या मजकुरासाठी केलाय, म्हणून त्याची छोटी अक्षरं उंच, रुंद, बारीक रेघा जरा भरलेल्या. आणि दुसरा फ्रान्समधला, नावात दोन व्ही असलेला, नाजूक, तीक्ष्ण, छोटी अक्षरं खरोखर छोटी.

मोबाइलवर वाचायला असतं तर डोळे झाकून लिब्रे घेतला असता. छापील पानावर मात्र लिब्रे ११ पॉइंटला फारच अंगाने भरलेला दिसतो, ९.५ ला आणावा लागला, आणि तरी पहिलं प्रकरण दोन व्ही वाल्यापेक्षा अर्धं पान जास्त गेलं. दोन व्ही वाला घेतला. मन तिकडेच होतं खरं सांगायचं तर.

२ जुलै

पाऊस. तीन हात नाक्यापासून वागळेपर्यंत रिक्षाला पाऊण तास.

प्रेसवाल्या दादांनी चांगुलपणाने दुसऱ्या एका जॉबच्या शीटमध्ये कोपरा रिकामा होता तिथे माझी दोन पानं चढवली, खऱ्या कागदावर, खऱ्या मशीनवर. नॅचरल शेडचा ७० जीएसएम (चौरस मीटरला ७० ग्रॅम) कागद. मराठी पान ठीक. इंग्रजी पान हातात घेतलं आणि काहीतरी गेलंय असं वाटलं, अक्षरं आहेत पण त्यांच्यात जीव नाही, ई चा आडवा दांडा कुठे आहे कुठे नाही.

५ जुलै

बाईंचे धाकटे भाऊ, त्यांना मी काकाच म्हणते, बँकेतून रिटायर झालेत, त्यांनी ते पान दोन मिनिटं वाचून खाली ठेवलं. म्हणाले, “बारीक रेघा दिसतच नाहीत, डोळे चुरचुरतात. तुझा टाइम्सच बरा होता.”

मला वाईट वाटलं, आणि त्या क्षणी बेंजामिन फ्रँकलिनची गोष्ट आठवली. १७६० मध्ये त्याने बास्करव्हिलला एक पत्र लिहिलं त्यात ती आहे. एक गृहस्थ फ्रँकलिनला म्हणाले की हा बास्करव्हिल सगळ्या देशाला आंधळं करणार, त्याच्या रेघा इतक्या बारीक आहेत. फ्रँकलिनने कॅस्लनच्या नमुन्याचा कागद घेतला, वरचं नाव फाडून टाकलं आणि हा बास्करव्हिलचा म्हणून त्यांच्या हातात दिला. त्या गृहस्थांनी त्यातल्या अक्षराअक्षरात दोष दाखवले, वाचून डोळे दुखतात म्हणाले. फ्रँकलिनने त्यांना खरं सांगितलं नाही, लाजतील म्हणून.

ही गोष्ट बास्करव्हिलवर प्रेम करणारे सगळे सांगतात, मला पण आवडते. पण तिच्यातून तक्रार करणारा माणूस नेहमी चुकीचाच असतो असं निघत नाही. म्हणून ठरवलं की काकांची परीक्षा नीट घ्यायची, त्यांना हरवायला नाही, काय होतंय ते कळायला.

६ जुलै

घरच्या लेझर प्रिंटरवर तेच पान दोन प्रकारे काढलं, फॉन्ट तोच, साइज तोच, वर नाव नाही काही नाही, फक्त एकात शाईचा काळा १०० टक्के आणि दुसऱ्यात ८५. कारण कबूल करायचं तर सुरुवातीलाच मी सगळ्या मजकुराला ८५ टक्के काळा दिला होता, पान सौम्य दिसेल म्हणून. स्क्रीनवर ते फार छान दिसतं.

काकांनी दोन्ही बघितले. पाच वेळा पानं अदलाबदल करून दिली, पाचही वेळा ८५ वाल्या पानावर बोट ठेवून म्हणाले हेच ते.

मग बाईंनी आप्पांचं भिंग आणून दिलं आणि प्रेसमधलं पान त्याखाली धरलं. सगळं स्वच्छ दिसलं. ८५ टक्के काळा म्हणजे ८५ टक्के काळी शाई नसतेच, शाई तीच असते, मशीन फक्त मध्ये मध्ये पांढरे ठिपके सोडतं. जाड खांबात ते ठिपके पडले तरी खांब उभा राहतो, फक्त कडा करवतीसारखी होते. बारीक रेघ मात्र एका ठिपक्याएवढीच असते, तिथे ठिपका पडला की रेघ तुटली. मराठी बाजूला जाड-बारीकचा फरक कमी म्हणून तिथे निभावलं.

अडीचशे वर्षांपूर्वीचा माणूस आपली शाई इतरांपेक्षा काळी करायला झटत होता आणि मी त्याच्याच अक्षराची शाई कमी केली. काकांचे डोळे बरोबर होते. त्यांना फोन करून तसं सांगितलं, खूश झाले.

सगळ्या स्टाइल १०० टक्के फक्त काळ्यावर आणल्या. वर्डमधून आलेल्या मजकुरात काही ठिकाणी आरजीबी, म्हणजे स्क्रीनच्या रंगांचा, काळा पण लपून बसला होता, तो तर चार रंगांच्या प्लेटवर विभागला गेला असता आणि रजिस्ट्रेशन, म्हणजे प्लेटा एकावर एक बसणं, केसाएवढं हललं तरी अक्षराला भूत लागलं असतं. तोही काढला.

११ जुलै

तिरक्या अक्षरांचा दिवस. बास्करव्हिलची इटॅलिक बघितली की हा माणूस आधी सुलेखनाचा मास्तर होता हे सांगावं लागत नाही. अरुंद, वाहती, काही मोठ्या अक्षरांना लेखणीचा झोका. बाईंनी हस्तलिखितात जिथे शब्दाखाली रेघ मारली होती तिथे इंग्रजीत इटॅलिक केलं.

मराठीत काय करायचं? देवनागरीला इटॅलिक नाही. सॉफ्टवेअर अक्षरं ढकलून तिरकी करतं, पण कान्याचा दांडा सरळ राहावा म्हणून तर सगळी अक्षरं शिरोरेषेला टांगलेली असतात, तो तिरका केला की ओळ वादळात सापडल्यासारखी दिसते. अक्षरांमध्ये अंतर वाढवलं तर शिरोरेषा तुटते. बोल्ड केलं तर पान ठिपक्याठिपक्याचं होतं. शेवटी एकेरी अवतरण, तेही निम्म्याच ठिकाणी, कारण मराठी वाक्यात ‘च’ आणि ‘तर’ ही बरीच रेघ मारून देतात. बाईंनी स्वतःच सात ठिकाणी शब्द बदलून ‘च’ घातला आणि अवतरण काढायला सांगितलं.

१९ जुलै

मुखपृष्ठ. प्रेसमधल्या मुलाने प्रेमाने एक नमुना करून ठेवला होता, कडेने वेलबुट्टी, मध्ये जुन्या छपाई यंत्राचं चित्र, मागे पिवळट जुना कागद. मेहनत केली होती त्याने. मी त्याला मोबाइलवर बास्करव्हिलच्या पुस्तकांची शीर्षकपानं दाखवली, चौकट नाही, वेल नाही, चित्र नाही, फक्त मोठी अक्षरं एकमेकांपासून सुटी सुटी ठेवलेली आणि भोवती भरपूर पांढरं. तो बराच वेळ बघत बसला, मग म्हणाला, “ताई, पण हे रिकामं वाटत नाही.” नाहीच वाटत.

इंग्रजी नाव तसंच, मोठ्या अक्षरांत, मोकळं. मराठी नाव मोकळं करता येत नाही, शिरोरेषा, परत तेच. म्हणून मराठी मोठं आणि सलग, खाली बरीच जागा सोडून इंग्रजी लहान आणि पसरलेलं, दोघांची रुंदी सारखी. वरची सलग रेघ आणि खालची सुटी अक्षरं. झालं मुखपृष्ठ. पोस्टर किंवा लग्नपत्रिकेला सगळे घेतात तसे सोनेरी वगैरे करायचा मोह त्या मुलाला होता, तो मी होऊ दिला नाही, बारीक रेघांवर फॉइल नीट बसत नाही, खांब चमकतात आणि रेघा उडतात.

२७ जुलै

मुद्रितशोधनाचं तिसरं वाचन. बाई एक चूक शोधायच्या आणि लगेच आप्पांची एक आठवण सांगायच्या, त्यामुळे दिवसाला वीस पानं. एक नवीन परिच्छेद त्यांनी आत्ता घातला. आप्पा रिटायर झाले तेव्हा खिशात एक खिळा राहून गेला होता, छोटा जी, परत द्यायला ते दुसऱ्या दिवशी गिरगावात गेले.

मी बाईंना बास्करव्हिलच्या टाइपचं पुढे काय झालं ते सांगितलं. तो १७७५ मध्ये गेला. त्याची बायको सारा, आधीचं नाव सारा ईव्ह्‌स, तिने १७७९ मध्ये सगळा टाइप फ्रान्सच्या बोमार्शे या नाटककाराला विकला, त्याला व्हॉल्तेअरचं समग्र साहित्य छापायचं होतं. मग तो फ्रान्समध्ये या हातातून त्या हातात गेला आणि १९५३ मध्ये डेबर्नी आणि पेन्यो या कंपनीने मूळ पंच केंब्रिज विद्यापीठाच्या छापखान्याला भेट देऊन टाकले. ज्या केंब्रिजसाठी त्याने १७६३ मध्ये ते मोठं बायबल छापलं होतं, जे तेव्हा फारसं खपलं नव्हतं, तिथेच परत. साराच्या नावाचा पण एक फॉन्ट आहे, मिसेस ईव्ह्‌स, झुझाना लिच्कोने १९९६ मध्ये केलेला, बास्करव्हिलवरूनच पण बुटका आणि मऊ.

बाई म्हणाल्या, “आणि हँडीच्या नावाचा?” मला आठवेना. पान फिरवलं.

८ ऑगस्ट

फायनल फाइल दिली. श्रेयपानावर लिहिलंय, मराठी अक्षर टिरो, इंग्रजी बास्करव्हिल, आणि त्यांच्या वर एका ओळीत, आप्पांचं पूर्ण नाव, जुळारी.

कागद बदलला. दादांशी बोलून ७० ऐवजी ८० जीएसएमचा जरा गुळगुळीत, शेड तीच. बाईंनी खर्च वाढला म्हणून कुरकुर केली नाही, “वहीत लिहिलंय ना” एवढंच म्हणाल्या. दमट हवेत कागद वाकतो म्हणून दादा दोन दिवस आधी गठ्ठे उघडून मशीनच्या खोलीत ठेवणार आहेत.

१६ ऑगस्ट

बाईंना घेऊन प्रेसमध्ये गेले. टीएमटीच्या बसने जाऊ म्हणत होत्या, रिक्षा केली. पहिला फर्मा मशीनवर होता. दादांनी शाई सेट झाल्यावर एक शीट काढून टेबलावर पसरलं, १६ पानांपैकी ८ एका बाजूला, काही उलटी काही सुलटी. बाईंनी भिंग पर्समधून काढलं. मी ई चा दांडा बघत होते, आहे, सगळीकडे आहे. जी च्या फटी स्वच्छ. क्यू एकच आहे त्या आठ पानांत, त्याची शेपटी पूर्ण.

बाईंनी चष्मा काढला, शीट उलटं केलं आणि मागून बोट फिरवलं. म्हणाल्या, “लागत नाही गं हाताला. आप्पा असंच मागून बोट फिरवून बघायचे, दाब किती बसलाय ते.” ऑफसेटला दाब उमटत नाही, कागद दोन्हीकडून सपाट. त्यांना ते चुकल्यासारखं वाटलं हे दिसत होतं, आणि मला काय बोलावं कळेना, मग सांगितलं की बास्करव्हिलला हे बहुतेक आवडलं असतं, तो छापल्यावर पानं गरम पत्र्यांत दाबायचा त्याने तो उमटलेला दाब बसून जायचा आणि कागद असाच सपाट व्हायचा. बाईंनी परत एकदा बोट फिरवलं, या वेळी पुढून.

“मग असू दे,” म्हणाल्या.

बाइंडिंग दोऱ्याच्या शिवणीचं, नुसतं डिंकाचं नाही, हे दादांना परत एकदा सांगितलं आणि त्यांनी जॉबकार्डवर लाल पेनाने लिहून घेतलं. उरलेले १० फर्मे चार दिवसांत. २२ तारखेला शिवण बघायला जायचंय, बाई पण येणार आहेत.